घोड्याच्या रक्तातलं औषध

औषधांच्या कारखान्यामागच्या पागेत तो तेवीस वर्षं मोतद्दार. खरारा, चारा, लीद, आणि ठरल्या दिवशी घोडीची मान घट्ट धरणं. कारखान्याचे साहेब तिला माणसाच्या पेशी टोचायचे. काही आठवड्यांनी तिचंच रक्त काढून त्याचं औषध करायचे. कशावरचं, हे यानं कधी विचारलं नाही. एका नाक मुरडणाऱ्या घोडीला तो आत्याबाई म्हणायचा. सुई दिसली की आत्याबाई साहेबांकडे नाही, त्याच्याकडे बघायची. ती नजर घरापर्यंत यायची. जेवताना ताटासमोर येऊन बसायची.

मग लेकीच्या अंगावर काळेनिळे डाग उठले. हिरड्यांतलं रक्त थांबेना.

"अंगातल्या टी-पेशी म्हणजे राखणदार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतू मारायचं सोडून त्या हाडातल्या मगजावरच उठल्यात. रक्त जिथं तयार होतं ती जागाच ओस पाडलीय. आधी त्यांना आवरायला हवं. औषध घोड्याच्या रक्तातलं असतं."

त्याला ताटासमोर बसणारी आत्याबाईची नजर आठवली.

"हिला घोड्याचा कधी त्रास? शिंका, दम, खाज?"

लहानपणी तो पागेतून आला की पोर शिंकून शिंकून बेजार व्हायची. डोळे सुजायचे. पण हो म्हटलं तर औषध हातचं जायचं.

"छे हो," तो म्हणाला.

चाचणीपुरता थेंब कातडीत टोचला. बघता बघता दंडावर तळहाताएवढी गांध उठली, छाती घरघरायला लागली. धावपळ झाली. जीव थोडक्यात वाचला.

"आता सशाचं देऊ," बाई कोरडेपणानं म्हणाल्या. "गुण येण्याची खात्री कमी. तीन-चार महिन्यांनी कळेल."

"घोडा झाला, आता ससा!" बायको फणकारली. "उद्या उंदीर आणा म्हणतील. आणि तुम्ही त्या पागेतल्या कपड्यांनी तिच्या खोलीत पाऊल टाकाल तर बघा."

तो खोलीच्या काचेबाहेरच उभा राहिला. लेकीनं आतून फोन लावला.

"अप्पा, रागावलात का? आत या की."

"नको. अंगाला पागा चिकटलीय." मग ओकल्यासारखं बाहेर पडलं, "तुझ्या शिंका मला ठाऊक होत्या, बाळ. मी खोटं बोललो."

"मलाही विचारलं होतं त्यांनी. तुमच्या आधी."

"मग?"

"नाही म्हणून सांगितलं." ती हसली. दातांवर रक्ताची रेघ होती. "जगायचं होतं ना, अप्पा."

त्याच्या श्वासानं काच धुरकटली आणि तिचा चेहरा पुसला गेला. त्यानं बाहीनं काच पुसली. ती पुन्हा धुरकटली. श्वास रोखून तो पुसतच राहिला.