घरातली माफी

माझ्या वहिनीला कुणी 'बिचारी' म्हटलं की ती मशीन थांबवते आणि टाचणी ओठांत धरून त्या माणसाकडे नुसती बघते. समोरचा आपोआप विषय बदलतो.

ती कपडे दुरुस्त करते. पँटची लांबी कमी कर, कंबर सैल कर, चेन बदल, असली कामं. नवं काही शिवत नाही. "नवं कुणीही शिवेल. दुसऱ्याने बिघडवलेलं सरळ करायला डोकं लागतं," असं तिचं म्हणणं. बाहेरच्या खोलीत तिची मोटरची मशीन, शेजारी फ्रिज आणि गिऱ्हाइकाला उभं करायचा लांब आरसा. आतल्या खोलीत माझे थोरले भाऊ, दादा. मी या घरातली धाकटी आणि बिनलग्नाची. वहिनी माझ्या मधल्या भावाची बायको. भाऊ नाही, पण वहिनी आहे, आणि घर तिच्यावर चालतं.

मधला भाऊ लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. एक माणूस खाली खड्ड्यात उतरला की दुसरा वर मशीनच्या खोलीत हवाच, असा त्या कामाचा नियम. त्या दिवशी कंपनीने त्याला एकट्यालाच धाडलं. वर कुणी नव्हतं आणि लिफ्ट खाली आली. कंपनी म्हणाली, चूक त्याचीच, न सांगता एकटाच उतरला. वहिनी तेव्हा जेमतेम तिशीची. तिने हे मानलं नाही. वकील बदलले, न्यायाधीश बदलले, तिची पर्स तीच राहिली. शेवटी चूक कंपनीची होती असा निकाल लागला. मालकाने मात्र आजवर तोंडातून एक शब्द काढलेला नाही. वहिनीला हवा होता तो तेवढा एकच शब्द.

या सगळ्यावर माहितीपट करायला तिघं आली. दिग्दर्शक, एडिटरबाई आणि साउंडवाला. कॅमेरा दिग्दर्शक स्वतःच चालवायचा. कित्येक महिने त्यांची ये-जा होती. बोलणं सुरू करायच्या आधी साउंडवाला आमचा फ्रिज बंद करायचा आणि आपल्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचा, म्हणजे जाताना फ्रिज परत चालू करायची आठवण राहते. वहिनीला ही युक्ती फार आवडली. तिचं सगळ्यात जमलं ते एडिटरबाईशी. "तू माझ्याच धंद्यातली," वहिनी तिला म्हणायची. "कापायचं, जोडायचं आणि जोड दिसू द्यायची नाही."

माहितीपट पहिल्यांदा मोठ्या सभागृहात दाखवला, तेव्हा दादांना ताप होता. आम्ही दोघी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात फुलांचा गुच्छ आला. एवढा मोठा, की आणणारा माणूस त्याच्यामागे दिसत नव्हता. सोबत कार्ड होतं. लिफ्ट कंपनीच्या मालकाचं. 'आपल्या मनाच्या मोठेपणाबद्दल आभारी आहे.'

"मनाचा मोठेपणा?" वहिनी म्हणाली. "कुणाच्या?"

मग आम्ही एडिटरबाईने पाठवलेला माहितीपट माझ्या फोनवर बघितला. शेवटी मालकाचा फोटो येतो. मग वहिनीचे हात दिसतात, निळ्या पडद्याची शिवण उसवणारे. आणि त्यावर तिचाच आवाज: "माफ केलं मी. मनापासून माफ केलं. किती दिवस ओझं घेऊन फिरायचं?" पुढे अंधार.

वहिनीने फोन उलटा करून मशीनवर ठेवला.

"हे मी दादांबद्दल बोलले होते," ती म्हणाली.

मला ते ठाऊक होतं. दादा त्याच कंपनीत सुपरवायझर होते. भाऊ गेला त्या आठवड्यात त्यांच्यापुढे एक कागद आला: मेकॅनिक न सांगता एकटाच उतरला. दादांनी सही केली. नोकरीच्या भीतीने केली. वहिनीला वर्षानुवर्षं त्याच कागदाशी भांडावं लागलं आणि सही कुणाची ते तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मोठ्या वहिनी गेल्यानंतर दादा एकटे पडले तेव्हा तीच जाऊन त्यांना घेऊन आली. एका दुपारी त्यांच्यासमोर बसून तिने सांगितलं, माफ केलं. ते रडले. ती उठून चहा टाकायला गेली. हे सगळं तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं होतं आणि दुसऱ्याच दिवशी फोन करून बजावलं होतं, दादांचं नाव, दादांची गोष्ट, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. त्यांनी शब्द पाळला. नाव काढलं, गोष्ट काढली. उरलेलं वाक्य नेऊन मालकाच्या फोटोला चिकटवलं.

"फोन लावू दिग्दर्शकाला?" मी विचारलं.

"कशाला? येणारच आहेत की ते शुक्रवारी."

शुक्रवारी खरंच येणार होते. 'पडद्यामागच्या गप्पा' नावाचा एक छोटा कार्यक्रम त्यांना करायचा होता. माहितीपट कसा केला, काय अडचणी आल्या, हे तिघांनी आमच्याच घरात बसून एकमेकांशी बोलायचं आणि मागे वहिनी काम करताना दिसायची. वहिनीने फोनवर "या की" म्हटलं. त्या आवाजाने मला धडकी भरली.

आले. फ्रिज बंद झाला, किल्ली आत गेली, कॅमेरा स्टँडवर चढला. दिग्दर्शक आमच्या खुर्चीत असा बसला जसा काही जावई.

"मावशी, तुम्ही मागे नुसत्या शिवल्यासारखं करा. मशीन चालू नको. आवाज येतो."

"अहो दिग्दर्शक, मी तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेन. केस काळे करून भाचा होता येत नाही."

साउंडवाला हसला आणि मग कानांवरचा हेडफोन नीट करू लागला.

गप्पा सुरू झाल्या. वहिनी मागे मुकाट बसली होती, मांडीवर कुणाची तरी राखाडी पँट. कोर्टात कॅमेरा न्यायला परवानगी नव्हती तेव्हा काय केलं, जुनी छायाचित्रं कशी मिळाली, असं बरंच झालं. मग दिग्दर्शक आवाज खाली आणून म्हणाला, "पण मला वाटतं, या सगळ्याचा आत्मा म्हणजे तिने दिलेली माफी..."

घर्रर्र. मशीन सुरू झाली.

"कट. मावशी... ताई, मशीन."

"हो का? पाय पडला वाटतं."

पुन्हा सुरुवात. आत्मा, माफी. घर्रर्र. तिसऱ्यांदा त्याने वाक्य फिरवलं, "शेवटच्या क्षणी ती मालकाला..." आणि वहिनीने राखाडी पँटची एक अख्खी बाजू कडेपर्यंत शिवून काढली. मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता.

"ताई, आज तुम्हाला बरं नाही का?"

"मी ठणठणीत आहे. तुम्ही कोर्टाचं बोललात, मी गप्प. फोटोंचं बोललात, गप्प. खोटं बोललात की माझी मशीन चालते. तिला तशीच सवय आहे."

दिग्दर्शकाने एडिटरबाईकडे पाहिलं. एडिटरबाई जमिनीकडे बघत होती.

"छान जोडलंस हं," वहिनी तिला म्हणाली. "मध्ये माझे हात दाखवलेस, म्हणजे तोंड कुठे हलतंय ते कुणाला कळत नाही. मीसुद्धा जोडावर फीत लावते. पण बाई, एका गिऱ्हाइकाची बाही दुसऱ्याच्या सदऱ्याला नाही लावत मी."

"वाक्य फार सुंदर होतं," एडिटरबाई हळूच म्हणाली. "तुम्ही नाव काढायला सांगितलंत. मग ते नुसतं उरलं. टाकून देववेना. मी आधी दुसरीकडे लावून पाहिलं होतं..."

"मी शेवटी लावायला सांगितलं," दिग्दर्शक मध्येच म्हणाला. एवढा तो सरळ होता. "ताई, तुम्ही बोललेलेच शब्द आहेत. आणि परवानगीवर तुमची सही आहे."

"सही माझ्या बोलण्यावर केली. जे बोललेच नाही त्यावर कशी करीन? या घरातल्या माणसाची एकदा खोट्यावर सही झालेली आहे. तिचं पुढे काय झालं, त्यावरच तुम्ही माहितीपट केलात."

तो जरा पुढे सरकला आणि समजावणीच्या सुरात बोलू लागला. "बघा, पुढच्या महिन्यात हे टीव्हीवर लागतंय. वाक्य काढलं तर शेवटच राहत नाही. लोक सभागृहात रडत होते. मग आपण असं करू, खरी गोष्ट पूर्ण ठेवू. दादांचं नाव ठेवू. ते तर आणखी मोठं होईल."

आतल्या खोलीचं दार उघडलं. दादा भिंतीला धरून उभे होते. त्यांना कमी ऐकू येतं असं आम्ही धरून चालतो, पण नको ते बरोबर ऐकू जातं.

"ठेवा माझं नाव," दादा म्हणाले. "मी सांगतो कॅमेऱ्यासमोर. सही मी केली. सुटेन तरी एकदा..."

दिग्दर्शक अर्धा उठलासुद्धा. त्याचा हात कॅमेऱ्याकडे गेला.

"दादा, तुम्ही आत बसा," वहिनी म्हणाली.

"अगं, पण तुझ्या नावावर खोटी माफी..."

"तुमचा विषय या घरात निघाला, या घरातच मिटला. मी तुम्हाला माफ केलं ते इथे, या चार भिंतींत. चौकात उभं करून केलं नाही. आता यांच्या माहितीपटाला शेवट नाही म्हणून तुम्हाला चौकात नेऊ? वन्सं, आत न्या त्यांना. पायात मोजे नाहीत बघा."

ती मला 'वन्सं' म्हणते तेव्हा वाद घालायचा नसतो. मी दादांना आत नेऊन बसवलं. त्यांच्या पायात मोजे चढवले. दार मात्र मी उघडंच ठेवलं, त्यांना ऐकायचं होतं.

"म्हणजे हेही नाही, तेही नाही," दिग्दर्शक आता चिडला होता. "मग माझ्या माहितीपटाला शेवट काय?"

"नसेल शेवट तर नसू दे. माझ्या तरी गोष्टीला कुठे आहे?"

"ताई, पडद्याचं गणित वेगळं असतं. असं अर्धवट सोडलं तर माणसं जड मनाने घरी जातात."

"जाऊ देत," वहिनी म्हणाली. "मीही तशीच आले होते घरी."

वहिनीने पँटचा दोरा दाताने तोडला.

"आणि ऐका. तुम्ही हे असंच दाखवलंत, तर जिथे जिथे दाखवाल तिथे मी येईन. पहिल्या रांगेत बसेन. दिवे लागले की उभी राहून सांगेन, मी या माणसाला माफ केलेलं नाही. मला कोर्टात ताटकळायची सवय आहे, तुमच्या सभागृहात तर खुर्च्या मऊ असतात."

एडिटरबाई उठली. "मी वाक्य काढते," ती दिग्दर्शकाला म्हणाली. "आज रात्रीच काढते. तुम्हाला दुसरा एडिटर बघायचा असेल तर बघा."

दिग्दर्शकाने दोन्ही हातांनी चेहरा चोळला. एकाएकी तो फार दमलेला दिसला, आणि मला पहिल्यांदा तो माणूस वाटला.

"काढून तिथे ठेवायचं काय?" त्याने विचारलं. या वेळी खरंच विचारलं.

"मला विचारा ना," वहिनी म्हणाली. "इतके महिने सगळं विचारलंत. माहेर विचारलंत, नवऱ्याला काय आवडायचं ते विचारलंत. मालकाला माफ केलं का, हे एकानेही विचारलं नाही. उत्तर तुम्हीच धरून चाललात."

त्याने कॅमेरा तिच्याकडे वळवला. साउंडवाल्याने मान डोलावली. वहिनी मशीनपाशीच बसली, पदर सारखा केला नाही, केस बसवले नाहीत.

"मालकाला माफ केलंत?"

"नाही. त्याने मागितलेली नाही आणि मी दिलेली नाही. मागितली तरी देईनच असं नाही. माझ्या मनाचा मोठेपणा माझ्यापाशी आहे, तो कुणाला द्यायचा ते मी ठरवीन."

कॅमेरा चालूच राहिला. मग दिग्दर्शक हळूच म्हणाला, "ताई, एकदा अजून घेऊ? हेच. फक्त जरा मवाळ."

"मवाळ बाई हवी असेल तर दुसरी शोधा."

तेवढ्यात दारावर टकटक झाली. राखाडी पँटवाला गिऱ्हाईक दारात उभा होता. साउंडवाल्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. गिऱ्हाईक बिचकून उंबऱ्याबाहेरच थबकला आणि श्वास रोखून कॅमेऱ्याकडे बघू लागला.

"या हो आत," वहिनी खणखणीत आवाजात म्हणाली. "बोला मोकळेपणाने. माझं सांगून झालंय."