ठिगळावरचं कुंकू

विमानाचा मिस्त्री विमानात बसायला घाबरतो, यात हसण्यासारखं काय आहे, मला आजतागायत कळलेलं नाही. हलवाई काय रोज पेढे खातो?

आमचे मालक हवाई दलातून परतलेले. भोसरीच्या माळावर त्यांनी पत्र्याची शेड ठोकली होती आणि तिच्यात दोन माणसांचं एक जुनं विमान होतं. उडवायचं त्यांनी, पंखातल्या चिरा शोधायच्या मी. पत्र्याला रॉकेल चोळायचं, कोरडं पुसायचं, वर खडूची भुकटी फासायची. चिरेत मुरलेलं रॉकेल वर येऊन ओली रेघ उमटते. मग रेघेच्या टोकाला भोक पाडायचं, म्हणजे चीर पुढे सरकत नाही, आणि वरून रिबिटा मारून ठिगळ लावायचं.

पण मालकांचा एक छळवादी नियम होता. ज्याने ठिगळ लावलं, त्यानेच पहिल्या फेरीला मागे बसायचं. त्यामुळे ऐन वेळी मला हटकून नवी चीर दिसायची आणि दर वेळी तो नुसता ओरखडा निघायचा.

त्या वर्षी मालकांच्या मनात आलं, दसऱ्याचं सीमोल्लंघन विमानातून करायचं. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या हिने शेडमधल्या हत्यारांची पूजा केली आणि तेलात कालवलेलं कुंकू पंखावरच्या माझ्या ताज्या ठिगळालाही हात सैल सोडून फासलं. सकाळी मी चरफडत ते पुसलं. सगळं निघालं, पण ठिगळाखालून आलेली एक बारीक लाल रेघ निघेना. घासलं, नखाने खरवडलं.

"मालक, चीर आहे," मी म्हणालो.

"आली का वेळेवर?" मालक म्हणाले. आपट्याची पानं घेऊन जमलेले गावकरी खो खो हसले. एक म्हातारा म्हणाला, "आता मिस्त्रीला जुलाब बी लागत्याल."

"मी नाही बसणार."

"नका बसू. वहिनी, तुम्ही येता?"

ही पदर खोचून मागच्या सीटवर चढलीसुद्धा. उतर म्हणालो तर म्हणते, "तुमाला माझं सुख बघवतच न्हाई."

मालक इंजिनाकडे वळले. मला काय झालं देव जाणे, मी ड्रिल उचललं आणि सगळ्यांदेखत ठिगळाच्या रिबिटा उडवायला लागलो.

"अहो, डोकं फिरलं का तुमचं?" मालक ओरडले. फिरलंच होतं. ठिगळ उपटून मी त्यांच्या हातात दिलं. खालची चीर माझं भोक ओलांडून, पंख जिच्यावर पेलतो त्या तुळईपर्यंत गेली होती. मालकांनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि ते तिथेच मातीत बसले. कुणी हसलं नाही. ही मात्र वरून विचारत होती, "मग आज न्हाई व्हय?"

पंख नीट करण्यात दिवाळी उजाडली. मालक म्हणाले, "मिस्त्री, तुम्हाला नियम माफ. वहिनींना नेतो." सुटलो बुवा, असं वाटलं. विमान चाकणच्या बाजूला वळलं, ठिपक्याएवढं झालं, मग आवाजही येईना. मी माळावर मान वर करून उभा, एकेक रिबिट आठवत. इतका जीव माझा कधीच टांगणीला लागला नव्हता.

ती उतरली ती हसतच. "वरनं तुमी लई बारीक दिसत हुता." मी तिच्यावर उगाच खेकसलो आणि डोळे पुसले.

पुढच्या फेरीला कुणी न सांगता मीच आधी जाऊन मागे बसलो. खाली उभं राहणं मला पुन्हा झेपलं नसतं.