जगाचा कोळसा, माझी चार पोती

आधी डावा गाल काळा केला, मग उजवा. चित्रकलेच्या सरांनी कोळशाची पूड तेलात कालवली होती, अन् ब्रश घेऊन ते माझ्यासमोर उकिडवे बसले होते. मागे मॅडम उभ्या. शाळेच्या प्राचार्या. म्हणाल्या, "कपाळावर अजून लावा हो. फोटोत कळलं पाहिजे."

सर हसले. "मॅडम, इनको लगाने की ज़रूरत ही क्या है?"

सगळा हॉल हसला. मीपण हसलो. काहून हसलो, ते अजून समजून नाही राहिलं.

गोहलपुरात माझी कोळशाची टाल आहे, म्हणजे वखार. अर्ध्या जबलपूरच्या भट्ट्या माझ्या मालावर पेटतात. उरलेल्या अर्ध्या पेटत नाहीत, नुसत्या धुपतात. खोव्याची जलेबी खाऊन डोळे मिटले, तर हलवायाला नाही, मला आठवावं. भेडाघाटचा धुवांधार धबधबा पाहून लोक म्हणतात, पाण्याचे तुषार आहेत. मी म्हणतो, खाली माझी भट्टी लावून ठेवली आहे. गिऱ्हाईक हसतं, दोन किलो जास्त नेतं. बोलणं माझा धंदा, कोळसा जोडधंदा.

अशा माणसाची जीभ त्या शाळेत टाळूला चिकटायची. कारण पोरगी. सातवीत. फी भरणाऱ्यांतली नाही. गरिबांसाठी कायद्यानं ज्या जागा ठेवल्या, त्यातल्या एका जागेवर बसणारी. ती जागा आम्ही नवरा-बायकोनं देव्हाऱ्यासारखी जपली. पालकसभेला गेलो तर शेवटच्या रांगेत, तेही खुर्चीच्या कडेवर.

मॅडमनी बोलावलं, तेव्हा माझ्याशी मराठीत बोलल्या. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात चाकरीला इकडं आलेलं, हे त्या भेटेल त्याला सांगतात. "अरे वा, म्हणजे तुम्ही आपलेच," म्हणाल्या. मला वाटलं, आज पूर्ण खुर्चीवर बसायला मिळते. मग विचारलं, "आडनाव काय?"

सांगितलं.

"अच्छा," म्हणाल्या.

तो अच्छा मी ओळखतो. माझ्या बापानं ओळखला, आज्यानं ओळखला. त्या अच्छानंतर खुर्ची येत नाही. चहा आला. त्यांचा कपबशीत, माझा कागदी कपात. तोही दाराजवळच्या स्टुलावर ठेवलेला.

काम असं होतं. शाळेत प्रदर्शन. हॉलच्या फरशीवर जगाचा नकाशा काढायचा, अन् ज्या देशाच्या पोटात जेवढा कोळसा तेवढा ढीग. माल माझा, फुकट. वरून मी खाणीतला मजूर बनून नकाशाजवळ बसायचं. मी म्हटलं, मॅडम, मी खाणीत कधी उतरलो नाही. माझा बाप उतरायचा, छिंदवाड्याकडं. त्यातच गेला.

"तेच ते," मॅडम म्हणाल्या.

तेच ते. माझ्या बापानं जन्मभर जमिनीखालून कोळसा काढला, अन् शेवटी शेवटी छातीतून. उशीवर काळे डाग. तेच ते.

तरी कबूल झालो. पोरगी घरभर नाचली, कारण नकाशासमोर उभं राहून बोलायचं काम तिच्याकडं होतं. पोळी लाटता लाटता तिच्या आईलासुद्धा देश पाठ झाले. आदल्या दिवशी आम्ही बापलेकीनं ढीग रचले. मी भारत छताला टेकवायलाच निघालो होतो, तिनं टोपलं धरलं. "पप्पा, अमेरिका सबसे बड़ी. फिर रूस, ऑस्ट्रेलिया, चीन. हम पाँचवें."

मी म्हटलं, दोन टोपली जास्त पडली तर कोण मोजून राहिलं?

"झूठ हो जाएगा."

माझ्या पोटी हरिश्चंद्र. मी गुपचूप भारत कमी केला.

दुसऱ्या दिवशी माझं तोंड रंगलं ते वर सांगितलंच. डोक्यावर बांधकामावरचं पिवळं हेल्मेट आलं, मी फरशीवर बसलो. पोरगी तेल लावून घट्ट वेण्या घालून उभी. मॅडमनी तिला बाजूला केलं. बोलायला ट्रस्टींची नात आणली होती. पोरीला म्हणाल्या, "तू वडिलांजवळ बस, टोपलं घेऊन. तसंच छान दिसेल."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली. मनात एकच, जागा जाईल.

पाहुणे आले. कुठल्याशा कंपनीतले मोठे साहेब. नातीनं पाठ केलेलं म्हटलं, टाळ्या पडल्या. साहेबांनी बुटाच्या टोकानं ऑस्ट्रेलिया डिवचला, मग मला पाहिलं. "ये असली है?"

"एकदम असली, सर," मॅडम म्हणाल्या. "इनके पिताजी खदान में ही ख़त्म हुए."

बापाचं मरण मी आपलं माणूस समजून सांगितलं होतं. त्यांनी ते चिठ्ठीसारखं माझ्या छातीवर डकवलं.

साहेबांनी मोबाइल काढला. "थोड़ा खाँस के दिखाओ. वीडियो में जान आएगी."

मॅडम वाकून मराठीत म्हणाल्या, "खोका ना. एवढं काय त्यात."

मी खोकलो.

आधी खोटंच खोकलो, नाटकातल्यासारखं. पण तो खोकला बापाचा निघाला. तसाच, तळातून, करपलेलं भांडं खरवडावं तसा. थांबेना. अन् हॉलमध्ये टाळ्या. खऱ्या टाळ्या. मी गप्पा हाकणारा माणूस आहे, पण यात एक टाळी वाढवली नाही.

खोकता खोकता दिसलं, मॅडमनी बोट त्या काळ्या तेलात बुडवलं अन् ते पोरीच्या गालाकडं निघालं. बापलेक दोघं येऊ देत फोटोत, म्हणाल्या. पोरीनं डोळे मिटून घेतले. तोंड फिरवलं नाही. मीच शिकवलं होतं, शाळेत उलटायचं नाही.

खोकला थांबला.

"हात खाली, मॅडम."

उठलो. हेल्मेट साहेबांच्या हातात दिलं. कोपऱ्यातली माझी चार रिकामी पोती आणून मधोमध झटकली. काय उडालं ते पांढऱ्या शर्टांना समजलं. आधी अमेरिका भरली. मग रशिया. मॅडम म्हणत होत्या, काय हा तमाशा, आपलं माणूस म्हणून जवळ केलं. साहेबांचा मोबाइल खिशात गेला. ऑस्ट्रेलिया. चीन. जगातला कोळसा कधी संपणार म्हणून विद्वान डोकं खाजवून राहिले. मी पाहुण्यांचा चहा निवायच्या आत संपवला.

भारतापाशी हात थांबला. वाटलं, एवढा राहू द्यावा. पोरीच्या जागेसाठी.

माझी पोरगी घरीसुद्धा हिंदीच बोलते. मराठी समजते, जीभ वळत नाही. त्या दिवशी वळली.

"पप्पा, तो पण आपलाच आहे. भरा."

भरला. फरशीवर खडूच्या रेघा राहिल्या अन् काळे डाग.

दारात मॅडमनी गाठलं. "सोमवारी बघते, हिची जागा कशी राहते."

"ती जागा तुम्ही दिलेली नाही," मी म्हटलं. "सोमवारी येतो."

सोमवारी चौकीदारानं फाटक उघडलं नाही. मी कोळशाची गाडी फाटकाला आडवी लावली अन् तिच्यावर बसून राहिलो. मागे मोटारी तुंबल्या, हॉर्न पार अधारतालपर्यंत गेले असतील. शेवटी फाटक उघडलं. आधी पोरगी आत गेली, मग मी गाडी हटवली.

तिच्या बाकावर आता कोणी बसत नाही. ती वर्गात आली की पोरं खोकतात. अजून खोकतात. पहिल्यांदा रडत आली, तेव्हा तिला हसवायला तोंडात आलेली थाप मी गिळली. म्हटलं, उद्या एक बाक पुढं बस. बसली. आता पहिल्या बाकावर आहे. कायदा आठवीपर्यंत आहे, तोवर तिथंच बसेल, त्यांच्या नाकासमोर.

शाळेतून पुन्हा माणूस आला होता, पुढच्या प्रदर्शनासाठी. निरोप दिला, टालीवर या. भाव सगळ्यांना एकच. खोकला विकायला नाही.