पेटी घेऊन निघालेली राणी

माझ्या माहेरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बी.एस्सी. आहे, मस्कतच्या एका लॅबमध्ये पाणी तपासते. हे सांगताना मी कधी लाजत नाही.

नवरा इथेच, साइटवर, हार्ट अटॅकने गेला. ऑफिसातले सगळे म्हणाले, सोहारला स्मशान आहे, तिथेच अग्नी द्या, अस्थी घेऊन जा, एवढी धावपळ कशाला? मी ऐकलं नाही. सासूबाईंना मुलाचं तोंड दिसायला हवं होतं. कागद होईपर्यंत रोज जाऊन शवागाराबाहेर बसायचे. मग पेटी विमानाच्या पोटात, आणि वर मी नि मुलगा. तो झोपला. मी सबंध वाट पायाखाली बघत होते.

गावी जलदान विधी झाला आणि त्याच बैठकीत सासऱ्यांनी ठरवून टाकलं, नातू इथेच राहील, घराण्याचं नाव चालवणारा हा एकच. बाई एकटी परदेशात त्याला काय सांभाळणार? मी नोकरी सोडणार नाही म्हटल्यावर जाऊबाई बोलल्याच, हिचं डोकं फिरलंय, पेटीला चिकटून आली तेव्हाच कळलं. मी परत आले, मुलगा राहिला. शाळेचं वर्ष संपलं की घेऊन जा म्हणाले होते. दरवेळी पुढचं वर्ष निघतं.

मस्कतमधल्या वादी अदाईच्या माझ्या खोलीत सुट्टीचा शुक्रवार फार मोठा असतो. वरण-भात एकटीपुरता करायला अजून जमत नाही, रात्रीही तोच खाते. दुपार कलली की मुलाचा व्हिडिओ कॉल. इथल्या शाळेत होता तेव्हा मराठीत अडखळायचा, आता आजोबांसारखा ठासून बोलतो.

एका शुक्रवारी त्याने स्पेनच्या कुठल्याशा जुन्या राणीची गोष्ट सांगितली, मोबाइलवर पाहिलेली. नवरा मेला तर त्याची पेटी घेऊन गावोगाव फिरली म्हणे. मग बापाने तिला कोंडलं, पुढे मुलानेही कोंडूनच ठेवलं. राज्य तिचं, पण नावालाच. पोरं मात्र कुठल्या कुठे गेली. मुलगे दोघेही सम्राट, मुली सगळ्या राण्या.

"वेडीच होती," तो हसत म्हणाला. मग हसायचा थांबला. "आई, तू पण पप्पांची पेटी आणली होतीस ना?"

"हो. दुसरं कोण आणणार होतं?"

मागे सासऱ्यांचा खोकला ऐकू आला. मी विचारलं, तिची मुलं तिला भेटायला यायची का? ते त्याला माहीत नव्हतं.

मग इतके दिवस सासऱ्यांना विचारत होते ते त्यालाच विचारलं. "इकडे येतोस? माझ्याजवळ राहायला?"

"आजोबांना विचारतो."

"आजोबांशी मी बोलेन. तुला काय वाटतं ते सांग."

त्याने मान खाली घातली. मला फक्त त्याचा भांग दिसत होता.

"तिकडे खेळायला कोण आहे?"

खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. बिल्डिंगमधल्या पोरांकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. फोन चालूच ठेवला, पायात चप्पल सरकवली नि जिना उतरले. मागच्या खडीच्या मोकळ्या जागेत, डोंगराच्या सावलीला, चार-पाच पोरं क्रिकेट खेळत होती. मी फोन त्यांच्याकडे धरला.

"दिसतंय का रे?"

"थोडंच. जरा पुढे जा ना, आई."

मी पुढे गेले.