वीसेक मुलं

चारुलता पेंडुरकर बाई नेरुळच्या आमच्या शाळेत चौथीला गणित शिकवतात आणि मी चित्रकला. म्हणजे पोरांच्या चुका त्या लाल पेनाने खोडतात आणि मी त्यांनाच कल्पनाशक्ती म्हणतो.

बाईंचं एकेकाळी एक वेड होतं. भागाकार करण्याआधी उत्तराचा अंदाज! पोरांनी वही उघडायच्या आत विचारायच्या, "जवळचा सोपा आकडा कुठला?" एकदा उदाहरण होतं, सोसायटीच्या गणपतीत ६१८ मोदक, सहा इमारतींना सारखे वाटायचे. एका हुशाराने मधलं शून्य गिळलं आणि उत्तर आणलं तेरा. बाई म्हणाल्या, "अरे, सहाशेला सहाने भागलं तरी शंभर येतात. तेरा मोदकांत तुझ्या इमारतीचा एक मजला तरी भागेल का? उरलेले कुणी खाल्ले, तू?" वर्ग हसला आणि एकशेतीन हे उत्तर त्या पोरांच्या जन्मभर लक्षात राहिलं. स्टाफरूममध्येही तेच. चहाच्या पातेल्यात डोकावून बाई बजावायच्या, "अर्ध्या कपाच्या वर कुणी घेऊ नका, आठव्याला पुरायचा नाही." आणि आठवा नेहमी मीच असायचो.

मग करावेची ती सहल झाली. अकरा वर्षं झाली त्याला.

खाडीवर फ्लेमिंगो बघायला चौथीची त्र्याऐंशी मुलं आणि सांभाळायला आम्ही चौघं. "ऐंशी भागिले चार. प्रत्येकाला वीसेक," बाईंनी शाळेच्या फाटकातच अंदाज देऊन टाकला. परत निघताना आम्ही आपापल्या गटावरून नजर फिरवली आणि हाका दिल्या. "वीसेक!" "वीसेक आहेत!" "माझीही वीसेक!" चौथी हाक बाईंची. खोटं कुणीच बोललं नाही. आपल्या मराठीत वीसेकमध्ये वीसही मावतात आणि एकवीसही. बस सुटली. त्या वीसेकमधला 'एक' तेवढा करावेच्या जेट्टीवर राहिला.

ती शायमा. बाईंच्याच गटातली. शाळेत तिचे अब्बा न्यायला आले तेव्हा कळलं. बाई आणि मी रिक्षाने उलटे धावलो. भरती चढली होती. सकाळी ज्या पायऱ्यांवर मुलांनी डबे खाल्ले, त्या पाण्याखाली गेल्या होत्या. बाई नुसत्या त्या पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. तेवढ्यात वाळत घातलेल्या जाळ्यांमागून तिथलीच एक कोळीण, शेवंताबाई, आली, शायमाचा हात धरून.

"ही तुमची पोर हाय ना? मोजून नाय नेली का बाय?"

शायमा रडत नव्हती. शेवंताबाईने दिलेली तांदळाची भाकरी चावत होती. त्याच आठवड्यात वर्गात भागाकारातली बाकी शिकवून झाली होती. पोरीने मान वर केली आणि विचारलं, "बाई, मी बाकी उरले का?"

पुढच्या वर्षी शायमाचं घर खांदेश्वरला गेलं आणि पोरीची शाळा बदलली. तिला काहीच झालं नाही. झालं ते बाईंना. वर्ग मोजला की एक मूल जास्त भरायला लागलं. चाळीसच्या वर्गात एक्केचाळीस. पुन्हा मोजलं तरी तेच. आम्ही म्हटलं, बाई, चष्मा बदला. त्यांनी बदलला. "आता ते एक्केचाळिसावं जरा स्पष्ट दिसतं," त्या म्हणाल्या. आम्ही हसलो, मग एकेक करून हसायचे थांबलो. अंदाजाचा धडा त्यांनी सोडून दिला. तो क्षिप्रा टीचर घ्यायच्या. सहल म्हटलं की बाईंची रजा.

यंदा क्षिप्रा टीचरचा पाय मोडला आणि सहल बाईंच्या गळ्यात पडली. पुन्हा करावे. एकच वर्ग, एक्केचाळीस मुलं, एक बस, सोबत मी. जेट्टीवरून परत निघायच्या वेळी बाईंनी बसमध्ये मुलं मोजली. बेचाळीस.

"सर, एक जास्त आहे."

"तुमचं नेहमीचंच हो. एक वजा करा आणि निघू."

"आणि आज तिच्या जोडीला अजून कुणी येऊन बसलं असेल तर? मग खरी चाळीसच झाली ना?"

मी स्वतः मोजली. एक्केचाळीस.

"तुम्ही त्या दिवशीपण मोजली होती," बाई म्हणाल्या.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. "ओ मॅडम, कमी असला तर टेन्शन! जास्त असला तर असू दे ना फुकटात!"

बाईंनी हजेरीपट उघडला. एकेक नाव घ्यायचं, मुलाने पुढे येऊन त्यांच्या हाताला हात लावायचा, मग जागेवर बसायचं. ऊन बसच्या पत्र्यावर तापत होतं. स्वानंद, हजर. रमीज, हजर. शेवटची मनस्वी टाळी देत म्हणाली, "हजर, हजर, हजर! बाई, आता भूक लागली." पुरी एक्केचाळीस. मी ड्रायव्हरला निघायची खूण केली.

बाईंनी हजेरीपट मिटला नव्हता. त्या अगदी हळू म्हणाल्या, "शायमा."

आणि मागच्या सीटवरून एक बारीक आवाज आला, "हजर."

चौथीची पोरं कशालाही हजर म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी विचारलं, कोण बोललं रे? सगळ्यांनी माना हलवल्या, आणि खोटं बोलताना ही मंडळी जशी गालांत हसतात, तसं कुणी हसत नव्हतं.

बाई मागे गेल्या आणि शेवटच्या सीटवरच्या पोरांना म्हणाल्या, "थोडं सरका रे." पोरं सरकली. एका मुलापुरती जागा झाली.

मग त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "चला. सगळी आहेत."