चंदनपुरीतला पाचवा हात

चंपाषष्ठी होऊन चार दिवस झाले होते. त्या रविवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही नाशिकहून चंदनपुरीला निघालो. वर्गणी माणशी सातशे, आठ माणसांचे पाच हजार सहाशे रुपये माझ्याकडे जमा. हजर : माझ्या थोरल्या भावाची बायको शालूवहिनी, त्यांचा मुलगा महेश, त्याची नवी बायको अश्विनी, अश्विनीचे वडील म्हणजे आमचे सटाण्याचे व्याही, वहिनींचे भाऊ प्रभाकरमामा, माझा धाकटा भाऊ अरुण, माझी बायको सुनीता आणि मी. गाडी आठ आसनांची, भाड्याची. एवढी मोठी गाडी मी पहिल्यांदाच चालवणार होतो, त्यामुळे पावणेसहालाच स्टिअरिंगवर जाऊन बसलो होतो.

देव आहे असं मला विसाव्या वर्षापासून वाटत नाही. ते तेव्हाच घरात सांगून टाकलं, आणि नंतर त्यावर वाद घातला नाही. पण कुलदैवताला जायचं ठरलं की सर्वांत जास्त उत्साह मलाच असतो. रस्ता कोणता, चहा कुठे, परतायचं किती वाजता, हे सगळं माझ्याकडे. थोरला भाऊ, आमचा दादा, म्हणायचा, "देव आमचा, दौरा तुझा." देवळापाशी पोचलो की ते सगळे आत जायचे आणि मी बाहेर चपला सांभाळत बसायचो. त्याने मला कधी आत ओढलं नाही.

दादाला जाऊन दीड वर्ष झालं. महेशचं लग्न त्याच्यामागे झालं, आणि लग्नानंतरची तळी राहिली होती. तळी म्हणजे ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबरं आणि भंडारा (हळदीची पूड) ठेवून ते पाच पुरुषांनी मिळून तीनदा वर उचलायचं, खंडोबाच्या नावाचा येळकोट करत. वहिनींनी आषाढापासून वांगं सोडलं होतं. चंपाषष्ठीला ते पुन्हा खायला धरायचं असतं, पण त्यांनी ठरवलं, तळी झाल्यावरच खाईन. आठवड्यापूर्वी त्यांचा फोन आला होता.

"भाऊजी, गाडीत पुरुष किती?"

"पाच," मी लगेच सांगितलं.

"मग झालं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

पिंपळगावच्या पुढे उजाडलं. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, पानांवर दव, मध्येच लाल कांद्याने भरलेले ट्रॅक्टर. व्याही कांद्याचे व्यापारी. ते खिडकीतून ट्रॅक्टर बघत आणि भाव सांगत. चांदवडला चहा झाला. तिथे त्यांनी पाय पुढे करून नव्या तपकिरी चामड्याच्या सँडल दाखवल्या. लग्नात जावयाने घेतलेल्या.

"इवाई (व्याही), तुम्ही देव मानत नाय म्हणे," ते मला म्हणाले.

"नाही मानत."

"आन् गाडी लय देवाकडंच पळवता."

"रस्ता चांगला आहे," मी म्हणालो. सगळे हसले. वहिनीसुद्धा.

राहुड घाट उतरताना मी एकटाच बोलत होतो. डावीकडे डोंगर कसा कापलाय बघा, उजवीकडे ऊन बघा. सुनीता म्हणाली, "अहो, तुम्ही समोर बघा." तिचं बरोबर होतं. मालेगावात बोलण्याच्या नादात वळण चुकलं आणि आम्ही थेट वस्तीत शिरलो. दोन्ही बाजूंच्या घरांतून यंत्रमागांचा खडखडाट. सायकलीवर कापडाचे तागे इतके, की चालवणारा दिसेना. काच खाली करून एका रिक्षावाल्याला चंदनपुरी विचारलं.

"खंडोबा ना? पीछे लो, फिर सीधा," तो म्हणाला. "जहाँ रोड पीला दिखे, उतर जाना."

चार किलोमीटर जास्त पडले. पण त्याने सांगितलं तसंच होतं. गिरणेच्या काठाला गाव जवळ आलं तसा रस्ताच पिवळा होत गेला. झाडांच्या बुंध्यांवर, म्हशींच्या शिंगांवर, दुकानांच्या फळ्यांवर भंडारा. खंडोबाची दुसरी बायको बाणाई, तिचं हे गाव. ढोलकी दुरूनच ऐकू येत होती. बाकीच्यांना काय वाटत होतं ठाऊक नाही, माझ्या अंगावर मात्र काटा आला. तसा तो मला धरणाचे दरवाजे उघडताना बघूनही येतो.

देवळाबाहेर निंबाखाली मी जागा धरली. चपलांचे सात जोड ओळीने लावले, माझा आठवा पायात. इथून आवार स्वच्छ दिसत होतं. वहिनींनी घोंगडीची घडी घातली, वर ताम्हण ठेवलं. वाघ्या (खंडोबाची गाणी गाणारा उपासक) समोर येऊन बसला. महेश, अरुण, मामा आणि व्याही ताम्हणाभोवती उकिडवे बसले. वाघ्याने बोटाने मोजलं.

"चार झाले. पाचवा कोन?"

वहिनींनी मान वर करून बाहेर, माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. तेवढ्यात मला तो फोन आठवला. पाच मी गाडीत बसणारे पुरुष मोजून सांगितले होते. त्यांनी ते तळीला लागणारे हात म्हणून धरले होते. माझा आकडा बरोबर होता आणि त्या आकड्यावर एक बाई पाच महिने वांग्याशिवाय राहून शंभर किलोमीटर आली होती.

"वयनी, चिंता कशाले?" नारळाच्या दुकानातला माणूस पुढे झाला. "मी लावस हात."

"लावा बाबा," वहिनी म्हणाल्या. "आमच्या भाऊजींना नको घालायला अडचणीत."

तो माणूस महेशच्या उजवीकडे बसायला लागला. दादा नेहमी तिथे बसायचा. निंबाखालून मला दरवर्षी त्याची पाठ दिसायची, शर्टावर भंडाऱ्याचे पंजे उमटलेली. आता तिथे कोणीतरी भला अनोळखी माणूस बसणार होता, आणि मी चपला मोजत राहणार होतो.

मी पायातल्या चपला काढल्या आणि आत गेलो.

"थांबा भाऊ," मी त्या माणसाला म्हणालो. "पाचवा मी आहे."

अरुण माझ्याकडे बघतच राहिला. मी वहिनींना स्पष्ट सांगितलं, "वहिनी, मी मानत नाही ते नाहीच मानत. येळकोट म्हणणार नाही. हात तेवढा लावीन. चालत असेल तर सांगा, नाहीतर या भाऊंना बसू द्या."

वहिनींनी वाघ्याकडे पाहिलं. वाघ्याने माझ्याकडे.

"हात शे ना तुले?" तो म्हणाला. (हात आहे ना तुला?) "मंग लाव."

"आणि म्हणूही नका," वहिनी म्हणाल्या. "तुमचा आवाज ऐकलाय मी."

मी दादाच्या जागी बसलो. ताम्हण वजनाला किलोभरसुद्धा नसेल, पण पाच जणांनी ते सारखं उचलायचं म्हणजे अवघड. पहिल्यांदा माझी बाजू वर गेली आणि सुपारी मामांच्या मांडीवर पडली. "सावकाश, सावकाश," महेश म्हणाला, अगदी दादासारखा. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा चौघांचा येळकोट, ढोलकी आणि वरून उधळलेला भंडारा, यांत मला समोरचं दिसेना. तोंड मिटलेलंच होतं. हात मात्र खाली आणावासा वाटत नव्हता.

वहिनींनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. कपाळाला भंडारा लावायला त्यांचा हात उठला आणि मध्येच थांबला. मग तो त्यांनी माझ्या पाठीवर पुसला.

बाहेर आलो तर निंबाखाली सात जोड. माझा होता. व्याह्यांच्या सँडल नव्हत्या. दोनदा मोजलं, पलीकडच्या ओळी पाहिल्या. कोणीतरी आपल्या समजून घालून गेलं असेल.

व्याही पिवळ्या पायांनी उभे राहून बघत होते. "तीस वर्सं बाहेर बसले इवाई, तर येक चप्पल गेली नाय," ते म्हणाले. "आज देवाचं काम केलं, आन् आमचंच गेलं."

सुनीता तोंडाला पदर लावून हसत होती. वहिनी तर खाली बसून हसल्या. दादा गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

गिरणेकाठी डबे उघडले. रोडगे (निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे), वांग्याचं भरीत, कांद्याची पात. वहिनींनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चावला. मी वांगं पाच महिने रोज खात होतो. तरी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

परतताना गाडीत सगळे झोपले. काही बदललं का, असं मी स्वतःला विचारलं. देवाबद्दल काही नाही. पण पुढच्या वर्षी पुरुष किती, असं कोणी विचारलं तर आकडा सांगण्याआधी मी विचार करीन, आणि बहुतेक पाचच सांगीन.

वर्गणीतून गाडीभाडं, डिझेल, टोल, चहा आणि पूजेचं सामान जाऊन एकशे ऐंशी रुपये उरले, ते वहिनींना परत केले. वाटेत व्याह्यांना दुसऱ्या सँडल घेतल्या, त्यांचे साडेपाचशे दुकानदाराला दिले, ते माझ्या खिशातून. राखण माझ्याकडे होती.