नापास झालेलं मशीन

ते मशीन आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत आलं, तेव्हा अर्ध्या चाळीला वाटलं आम्ही नवा फ्रिज घेतला. खोकंच तेवढं होतं. मी मात्र कॉलर ताठ करून फिरत होतो. कॉम्प्युटरची परीक्षणं छापणाऱ्या एका वेबसाइटसाठी मी चार वर्षं कंत्राटावर लिहीत होतो, आणि वाट्याला काय यायचं, तर की-बोर्ड, माऊस, फार तर एखादा प्रिंटर. आता थेट गेमिंगचं मशीन. संपादकबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "हे नीट केलंस तर तुला पर्मनंट करते." मी ते आईला सांगितलं. आईने मजल्यावर सगळ्यांना सांगितलं.

मशीन ओव्हरक्लॉक केलेलं होतं. म्हणजे बनवणाऱ्याने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिलाय, त्याच्याही वर त्याला पळवायचं. असं पळवलं की ते तापतं. आमचं तापत नाही, असा या कंपनीचा दावा. बाजूला काच, आत लाल-निळे दिवे. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "आरास छान केलीत."

पहिले दोन दिवस मी नुसते गेम खेळलो. आमच्या धंद्यात याला मूल्यमापन म्हणतात. खरी कसोटी पुढे होती. मशीनला तीन तास पूर्ण ताकदीने जुंपायचं आणि तापमानाचा आलेख नोंदवायचा. नोंद ते आपोआप करतं, माणूस लागत नाही. पंख्यांच्या घरघरीने माझं डोकं उठायचं, म्हणून मी चाचणी सुरू करून दादरला वाचनालयात जाऊन बसायचो.

ओळीने तीन दिवस चाचणी घेतली, तिन्ही दिवस तेच. पहिला अर्धा तास सगळं ठीक, मग आलेख चढायला लागायचा तो नव्वद अंशांच्या पार. एकदा तर मशीन बंदच पडलं.

मी खूश झालो. खोटं कशाला बोलू? चांगल्या मशीनबद्दल लिहायला कसली अक्कल लागते? नापास मशीन मिळालं की हाताला धार येते. मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. आतली हवा बाहेर कशी जायला हवी, यावर एक अख्खा परिच्छेद पाजळला. लेख धडाधड वाचला गेला. बाई म्हणाल्या, "पर्मनंटचं पत्र तयार करायला सांगते."

मग कंपनीचा निरोप आला. अगदी सभ्य भाषेत. आमच्याकडे हे मशीन सत्तरच्या वर जात नाही, तुम्ही चाचणी कशी घेतली? बाई माझ्या बाजूच्या. "एकदा परत घे, मग त्यांना बघतेच मी," म्हणाल्या.

मी चाचणी लावली आणि निघालो. ब्रिजपर्यंत गेल्यावर लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. चहा पिऊन, रमतगमत परत आलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

मशीनने कव्हर घातलं होतं. आईच्या जुन्या लुगड्याचं, दुहेरी, कडेला हिरवी पट्टी शिवलेलं, वरपासून खालपर्यंत अगदी मापात. आमच्याकडे मिक्सरला कव्हर, टीव्हीला कव्हर, पाण्याच्या फिल्टरला कव्हर. याला नसेल असं मला वाटलंच कसं?

आई तांदूळ निवडत होती. मला बघून ती धडपडत उठली आणि कव्हर ओढून काढायला लागली. "समोरच्या टॉवरची धूळ बघितलंस मा केवढी येता ती. तू येवच्या आधी काढतंय मी रोज. तू वराडतंस म्हणान."

ओरडतो मी. पहिल्याच दिवशी मशीनवर पाण्याचा पेला ठेवला म्हणून मी तिला मजला ऐकेल एवढं बोललो होतो. आज मी पडद्याकडे वळलो. कव्हर निघालं तसे आकडे उतरत गेले आणि सत्तरच्या खाली येऊन थांबले. "असू दे, मी बघतो," एवढंच म्हणालो.

दोन दिवस गप्प बसून पाहिलं. एवढी मोठी कंपनी, तिचं काय बिघडणार होतं? माझं पत्र तर टाइप झालं होतं. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच लाज वाटून मी फोन केला. चाचणीच्या वेळी मशीनवर कापड राहिलं होतं, म्हणालो. कुणी टाकलं ते बाईंनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.  त्या एवढंच म्हणाल्या, "लेख काढून टाकते. पर्मनंटचं आता राहू दे."

आई रोज पत्राचं विचारायची, त्यामुळे तिला सांगणं भाग होतं. ती भाकरी थापत होती.

"नाही झालं पर्मनंट," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. "कित्याक?"

"मशीन खराब निघालं. सगळं काम फुकट गेलं."

"माका पयल्या दिवसापासून वाटत होता. ता मशीन बराच नाय." तिने भाकरी तव्यावर टाकली आणि पिठाचा हात माझ्या पाठीवर ठेवला. "तू वायट वाटून घेव नको. तुझी काय चूक तेच्यात?"

मला रडू आलं. बिचारीला वाटलं, नोकरीसाठी.